दहावा आवाज

चष्मेवालीने माझ्या दोन्ही डोळ्यांत थेंब घातले आणि सांगितलं, वीस मिनिटं डोळे मिटून बसा, बाहुल्या मोठ्या झाल्या की मला आत बघता येईल. मी मुकाट्याने बसले. गेलं वर्षभर गाण्याचे कागद मी लांब धरून वाचत होते, आणि मागच्या महिन्यात हातच पुरेनासे झाले, तेव्हा नाक मुठीत धरून इथे आले. दुकानात कुठलंसं रेडिओ केंद्र हळू आवाजात लागलेलं होतं. दोन जाहिराती झाल्या आणि माझंच गाणं सुरू झालं. असं कधीमधी होतं. होतं तेव्हा मी दरवेळी एकच सोंग करते, मला काही घेणंदेणं नाही असा चेहरा करते आणि कुणीतरी ओळखावं म्हणून जीव टांगणीला लावून बसते. त्या दिवशी डोळे मिटलेले होते, त्यामुळे सोंगाची गरज नव्हती. 'शेजारच्या खोलीत' हा माझा चौथा अल्बम, त्यातलं हे आठवं गाणं. पहिलं कडवं संपेस्तोवर माझ्या लक्षात आलं की गिटार गायब आहे. गिटार आम्ही उजवीकडे ठेवली होती, म्हणजे दुकानातला उजवा स्पीकर मुका होता. मनात म्हटलं, आलेल्यांचे डोळे तपासतेस बाई, स्वतःच्या दुकानाचे कान तपास. आणि मग ती ओळ आली. तू काही बोलला नाहीस, तरी मी इथेच आहे. ओळीच्या आधीचा तो एक श्वास, जो कात्रीने, म्हणजे माझी गाणी कापून-जोडून तयार करणाऱ्या माणसाने, मुद्दाम ठेवला होता, तो आला, आणि त्या श्वासात बारीकशी शीळ होती. नाकातून येते तशी. मी आयुष्यात कधी नाकाने श्वास घेऊन गायलेली नाही. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला आणि मी डोळे उघडले, आणि दुकानातला सगळा पांढरा उजेड एकदम आत घुसला.

ती शीळ माझ्या ओळखीची होती. ताई नऊ वर्षांची होती आणि मी सहाची, तेव्हा बागेतल्या रिकाम्या झोपाळ्याला मी सगळा जोर लावून ढकललं होतं, आणि परत आलेली लाकडी फळी ताईच्या नाकावर बसली होती. हाड जुळलं, पण जरा वाकडं जुळलं. तेव्हापासून ताई दीर्घ श्वास घेते तेव्हा नाकात शीळ वाजते. लहानपणी एका खोलीत झोपायचो तेव्हा त्या शिळेवरून मला कळायचं की ही झोपलेली नाही, नुसती पडून आहे. चष्मेवाली म्हणाली, "मिटा मिटा, अजून दहा मिनिटं आहेत." मी मिटले. गाणं पुढे गेलं होतं, पण मला ऐकू येत होता तो त्या ओळीचा शेवट. 'आहे' मधला 'हे' मी लांबवते, सगळ्या गायिका लांबवतात, लोकांना आवडतं. या ओळीत तो जागच्या जागी मिटला होता, तोंड मिटावं तसा. आठ महिने मला वाटत होतं की कात्रीने तो छाटलाय. ताई मात्र लहानपणापासून अशीच गाते. शब्द संपला की तिचं तोंड बंद.

आता ही ओळ माझ्यासाठी काय होती ते सांगायला हवं, नाहीतर एका शिळेवरून एवढं काय असं कुणालाही वाटेल. अल्बम रेकॉर्ड केला तेव्हा आईला जाऊन चार महिने झाले होते. गाणी मी लिहिली, अकराच्या अकरा, सगळी देवाला उद्देशून, आणि लिहिताना मनातल्या मनात धाकधूक होती की आपण कुलूप लावलेल्या दारावर थापा मारतोय. शेवटच्या दोन दिवसांत मी आईच्या खाटेशी उभी राहून प्रार्थना म्हणायला सुरुवात केली होती, तर तिने डोळे न उघडता म्हटलं, "आता नको गं." जिने मला पहिलं गीत शिकवलं, जी रोज पहाटे अर्धा तास गुडघ्यांवर असायची, ती म्हणाली आता नको. मी हे कुणालाच सांगितलं नाही. मी विश्वासाची गाणी गाते, तेच माझं काम आहे, आणि लोक ती ऐकून आजारपणं काढतात. रेकॉर्डिंगच्या दिवशी बाकीची गाणी कशीबशी झाली, पण या ओळीशी येऊन मी अडले. नऊ वेळा गायले. पहिल्या वेळी रडू आलं, चौथ्या वेळी सूर गेला, बाकीच्या वेळी सगळं ठीक होतं आणि काहीच नव्हतं. मी कात्रीला म्हटलं, तू बघ काय ते, आणि घरी गेले. तीन आठवड्यांनी त्याने जोडून तयार केलेलं गाणं ऐकवलं आणि त्या ओळीशी मी थक्क झाले. तिच्यात शंका नव्हती, विनवणीही नव्हती. कुणीतरी ठाम बसलेलं होतं. मला वाटलं, म्हणजे त्या नऊमध्ये कधीतरी पाच सेकंद माझा विश्वास होता, मला कळलं नाही एवढंच. त्या दिवसापासून मी रोज सकाळी चहा टाकते आणि उकळी येईपर्यंत ती पाच सेकंद लावते. इतर माणसं बहुधा प्रार्थना करतात.

एवढ्यावर थांबले असते तरी ठीक. पण मी त्याची साक्ष केली. आमच्या कार्यक्रमांत दोन गाण्यांच्या मध्ये गायिकेने साक्ष द्यायची पद्धत आहे, देवाने माझ्या आयुष्यात काय केलं ते सांगायचं. मी ही सांगायला लागले. आठ वेळा मी गायले, आठही वेळा मला ही ओळ जमली नाही, आणि नवव्या वेळी त्याने माझ्याकडून गाऊन घेतली. लोक नंतर येऊन हात धरायचे. एका परिचारिकेने लिहिलं की ती रात्रपाळीला निघण्याआधी तेवढीच ओळ ऐकते. मुलगा गमावलेला एक बाप, शिकलेला, मोठा वकील, माझ्यासमोर उभा राहून नुसता 'ती ओळ' एवढंच म्हणाला आणि त्याला पुढे बोलता येईना. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. किती शहाण्यासारखा हात ठेवला होता मी. आणि त्या दिवशी चारला त्याच गाण्याचं नवं रेकॉर्डिंग होतं, नुसता पियानो आणि मी, समोर कॅमेरा, जोडकाम काही नाही, एका दमात गायचं. आमचे व्यवस्थापक, ज्यांना सगळे पाठीमागे 'वेळापत्रक' म्हणतात आणि त्यांना ते माहीत आहे, त्यांनीच हे ठरवलं होतं. म्हणाले, लोकांना ती ओळ तुमच्या तोंडून निघताना बघायचीय.

चष्मेवालीने आत बघितलं, आकडे लिहून दिले आणि विचारलं, कुणी न्यायला येणार आहे का, दोन-तीन तास धूसर दिसेल. मी नाही म्हटलं आणि बाहेर पडले. रस्ता नुसता झळाळत होता. गाड्यांच्या काचा, दुकानांच्या पाट्या, समोरून येणाऱ्या माणसाच्या शर्टाची बटणंसुद्धा. चेहरे मात्र पुसलेले. मी भिंतीच्या कडेकडेने चालत दोन चौक पलीकडे कात्रीच्या खोलीवर गेले. त्याचं खरं नाव बिलांवर असतं, बाकी सगळे त्याला कात्रीच म्हणतात, कारण गायकांचे श्वास, थुंकी, खाकरे, चुकलेले सूर कापून कापून तो त्यांचे देवदूत बनवतो. तिसऱ्या मजल्यावर खिडकी बुजवलेली खोली, भिंतींना करडा स्पंज, आणि तिथला अंधार माझ्या डोळ्यांना फार बरा वाटला. मग म्हटलं, "आठवं गाणं उघड. ती ओळ कितव्या वेळची आहे ते बघ."

"नवव्या," तो म्हणाला. "तूच तर सांगत फिरतेस."

"मी सांगते म्हणून नको. बघ."

त्याने उघडलं. कात्रीची एक पद्धत आहे, ती मला आधीपासून माहीत होती आणि मी तिचं सगळीकडे कौतुक करायची. एकाच ओळीचे सगळे प्रयत्न ऐकून उत्तम कोणता ते निवडताना तो पडद्यावर टॉवेल टाकतो. आकडा दिसला की कान लबाडी करतो, असं त्याचं म्हणणं. गायिका जाताना 'तिसरा छान झाला' म्हणून गेली असेल तर तिसराच छान वाटतो. म्हणून यंत्राला सगळे आवाज उलटसुलट क्रमाने वाजवायला लावायचे, डोळे झाकायचे, आणि ज्या आवाजाला अंगावर काटा येईल त्याला पेन्सिलीने टेबलावर टक् करायचं. टॉवेल आजही खुर्चीच्या पाठीवर होता. आता तो पडद्याकडे बघत होता आणि त्याची मान हळूहळू पुढे जात होती. "दहावा," तो म्हणाला. "दहावा घेतलाय मी. मला वाटलं तू दहा वेळा गायलीस." मी म्हटलं, नऊ. आणि मग दोघांनाही एकदमच समजलं. रेकॉर्डिंगच्या आधी दोन आठवडे माझा आवाज बसला होता, आणि वादकांना वाजवायला कुणाचा तरी आवाज समोर हवा होता, कच्चा, नंतर काढून टाकायचा. त्यासाठी मी ताईला बोलावलं होतं. लहानपणी चर्चच्या गायनात दोघी शेजारी उभ्या राहायचो, आवाज इतके सारखे की कुणाला वेगळे काढता येत नसत, आणि ती तालाची पक्की. एका दुपारी उभ्याउभ्या तिने अकराही गाणी गाऊन दिली. कात्रीने बाकी सगळीकडून ते काढलं, फक्त या गाण्यात राहिलं, आणि यंत्राने त्याला इमानेइतबारे दहावा आकडा दिला. टॉवेलखाली दहा आवाज वाजले. त्याने दहा ऐकले आणि ताईच्या आवाजाला टक् केलं.

बिचारा पार ओशाळला. कपाळावर हात मारून घेतला, एवढी वर्षं काम केलं पण असं कधी झालं नाही म्हणाला. मग कारागिराला सुचतं ते त्याला सुचलं. "पाच मिनिटांचं काम आहे. तुझा सातवा चांगला होता. तो बसवतो आणि गाणं बदलून वर चढवतो. कुणाच्या बापाला कळणार नाही." मी म्हटलं, सातवा ऐकव. त्याने ऐकवला. माझाच आवाज, सुरात, घोटलेला, 'हे' लांबवलेला. तो ऐकून मला कानकोंडं झालं. त्यात मी देवाशी बोलतच नव्हते, पुढच्या रांगेतल्या माणसांशी बोलत होते. मग त्याने न सांगता पुन्हा दहावा लावला, आणि आम्ही दोघं त्या अंधारात ताईला ऐकत बसलो. मला राग कुणाचा आला होता ते कळेना. कात्रीचा नाही. मला लुबाडल्यासारखं वाटत होतं, आणि लुबाडलेली वस्तू माझी नव्हतीच. आणि सगळ्यांत कळस म्हणजे ताई देव मानत नाही. दहा वर्षांपूर्वी एका रविवारी ती चर्चला आली नाही, पुढच्याही नाही. पाळक घरी आले तेव्हा त्यांना चहा दिला आणि म्हणाली, मला तिथे काही ऐकू येत नाही, तुम्हा सगळ्यांना येतं, मग मी उगाच खुर्ची का अडवू. भांडली नाही की काही नाही. आई रविवारी तिचं ताट वाढून ठेवायची आणि ती जेवायच्या वेळेला बरोब्बर यायची. मी कात्रीला म्हटलं, अजून काही बदलू नकोस, आणि उठले.

ताई गाडी चालवायला शिकवते. तिच्या शिकवणीच्या गाड्या स्टेडियमच्या मागच्या मैदानाशी उभ्या असतात, तिथे मी दोनच्या सुमाराला पोचले. ती नुकतीच एका जाड्या गृहस्थाला उलट गाडी लावायला शिकवून मोकळी झाली होती आणि आपल्या नेहमीच्या जागी, म्हणजे शिकाऊच्या शेजारच्या सीटवर, डबा खात बसली होती. मी स्टीअरिंगच्या चाकामागे बसले, दुसरी जागाच नव्हती. तिच्या पायाशी तिचा वेगळा ब्रेक असतो. गाडी बंद, उभी, तरी मी दार लावल्याबरोबर तिचा पाय त्या ब्रेकवर गेला. "डोळे केवढे झालेत तुझे," ती म्हणाली. "औषध घातलं का? मग फिरतेस कशाला?" मी म्हटलं, काहीतरी ऐकवायचंय, आणि गाडीच्या स्पीकरवर ती ओळ लावली. ताईने घास गिळला.

"ही मी आहे," ती म्हणाली.

"हो."

"तुझ्या अल्बमात?"

"कात्रीच्या हातून चुकून राहिलं. आठ महिने कुणालाच कळलं नाही. तू ऐकलाच नव्हतास का?"

"चार गाणी ऐकली. मग कोणीतरी वळताना खांबाला गाडी ठोकली, ते राहूनच गेलं." तिने डब्याचं झाकण लावलं. "मग काढा की. मला कशाला विचारायचं?"

मी तिला सगळं सांगितलं. परिचारिकेचं, वकिलाचं, सकाळच्या चहाचं, आणि साक्षीचंही सांगितलं, ते सांगताना चाकाकडे बघत होते. मग मी जे विचारायला आले होते ते विचारलं. "लोक म्हणतात त्या ओळीत केवढी शांती आहे. गाताना तुझ्या मनात काय होतं, ताई?" हे विचारताना माझा आवाज लहान झाला. मला वाटत होतं, ती म्हणेल की काहीच नव्हतं, मी ताल मोजत होते, आणि मग मी रडेन. किंवा म्हणेल की त्या क्षणी मला काहीतरी वाटलं होतं, आणि मग तिचं का होईना, कुणाचं तरी काहीतरी खरं ठरेल. मला त्याचीच आस होती, आता लपवण्यात अर्थ नाही. मला कुणीतरी सांगायला हवं होतं की पलीकडे कोणीतरी आहे.

"शांती कसली," ताई म्हणाली. "तुझ्यावर वैतागले होते मी."

मी तिच्याकडे बघितलं. जवळचं मला अजून नीट दिसत नव्हतं, तिचा चेहरा एवढ्या अंतरावरून नुसता आकार होता, त्यामुळे आवाजच ऐकावा लागला. आवाज अगदी सपाट होता. "काचेच्या पलीकडे तू उभी होतीस. गळ्याला मफलर, हातात वाफेचा मग, आणि प्रत्येक ओळीनंतर मला अंगठा दाखवत होतीस. अकरा दिवस मी हॉस्पिटलात आईपाशी त्या स्टुलावर बसले. रोज तुला लिहायची. आज जेवली नाही. आज डोळे उघडले. आज मला ओळखलं नाही. आणि तू दौऱ्यावरून हात जोडलेलं चित्र पाठवायचीस. रोज तेच. एकदाही फोन नाही केलास. शेवटचे दोन दिवस आलीस, त्यात प्रार्थना म्हणायला लागलीस, आई बिचारी दमलेली. मग चार महिन्यांनी हा कागद माझ्या हातात दिलास, म्हणालीस, ताई, जरा गाऊन दे. त्यावर हे लिहिलेलं. म्हटलं बरं, गाते."

"मग ओरडायचंस की माझ्यावर," मी म्हटलं.

"गाडीत शिकाऊ माणूस असला की ओरडायचं नसतं. ओरडलं की तो ब्रेक सोडून भलतंच दाबतो. आवाज खाली ठेवायचा. वीस वर्षांची सवय आहे, आता राग आला तरी आवाज खालीच जातो."

मैदानात दुसरी एक गाडी गचके खात गोल फिरत होती. मी तिच्याकडे बघत बसले, कारण ताईकडे बघवेना. ते अकरा दिवस मला आठवत होते, पण माझ्या बाजूने. नऊ गावं, नऊ सभागृहं, रोज रात्री मी मंचावरून माझ्या आईसाठी प्रार्थना करा म्हणायची आणि हजार माणसं डोळे मिटायची. मला ते फार मोठं वाटायचं. फोन का केला नाही? वेळ नव्हता असं नाही. फोन केला असता तर ताईच्या मागून आईच्या श्वासाचा आवाज आला असता, आणि मग मला रात्री गाता आलं नसतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. हात जोडलेलं चित्र पाठवलं की मोबाइल उलटा ठेवून देता यायचा. 'आता नको गं' या तीन शब्दांचं मी केवढं भूत करून ठेवलं होतं, त्यावर अख्खा अल्बम लिहिला, आणि ताईच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच होता की ती दमली होती. जी अकरा दिवस बसली होती तिला साधं कळलं होतं. मी विचारलं, "तुझं नाव घालू का?" ती जरा विचार करून म्हणाली, "घाल हवं तर. पण ते तुमचं आभाराचं पान असतं ना, देवापासून सुरू होणारं, त्यात नको. वेगळीकडे घाल." आणि मग घड्याळ बघून म्हणाली, "चल, तुला कुठे जायचंय तिथे सोडते. मला आईचं घर गाठायचंय. आज रिकामं करायचं, उद्या किल्ली द्यायची. तुला लिहिलं होतं." लिहिलं होतं. तीनदा. मी अंगठा पाठवला होता. मी म्हटलं, "चारला रेकॉर्डिंग आहे गं. सहापर्यंत नक्की येते."

"बरं," ताई म्हणाली.

त्या 'बरं' मध्ये मला ती ओळ पुरती ऐकू आली. तोच आवाज, शेवट जागच्या जागी मिटलेला. जन्मभर मी ते 'बरं' ऐकत आलेय. झोपाळा लागला तेव्हा, तिचा नवरा निघून गेला आणि मी लांबच्या कार्यक्रमाला गेले तेव्हा, आईला कुणाच्या घरी ठेवायचं यावर बोलणं झालं तेव्हा. दरवेळी मला वाटलं, हिला चालतंय. आम्ही जागा बदलल्या, तिने गाडी चालवली, स्टुडिओच्या दारात मला उतरवलं आणि आरसा बघून, दिवा दाखवून, नियमाप्रमाणे निघून गेली.

स्टुडिओत पियानो उघडून ठेवला होता. वेळापत्रकांनी माझे डोळे बघून विचारलं, रडलात का, आणि मी काही म्हणायच्या आत म्हणाले, छान दिसतंय, राहू दे. चार वाजता दिवा लागला. मी गायले. ओळ जवळ येत गेली तसं मला वाटलं की मी आता मोडणार, किंवा थांबणार, किंवा निदान बेसूर होणार, आणि तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण मी नाकाने श्वास घेतला. आवाज खाली ठेवला. शेवटचा शब्द संपल्याबरोबर तोंड मिटलं. तू काही बोलला नाहीस, तरी मी इथेच आहे. पियानोवालीचे हात शेवटच्या सुरावर तसेच राहिले. वेळापत्रक, जे गेल्या सहा वर्षांत कुठल्याही गाण्याला हललेले नाहीत, ते चष्मा काढून पुसत होते. "अल्बमपेक्षा उत्तम," ते म्हणाले. "हाच. दुसरा घ्यायचाच नाही." मी अजून कॅमेऱ्यासमोरच उभी होते. दुपारी शिकले, चारला गाऊन दाखवलं. जे ताईने अकरा दिवस बसून मिळवलं होतं ते मला चार मिनिटांत जमलं, शीळ सोडून सगळं जमलं, आणि ते गाताना ती सहा रस्ते पलीकडे आईच्या घरात एकटी होती. इथेच आहे, मी म्हटलं होतं. इथे म्हणजे कुठे? दिव्यांखाली.

"हे वापरू नका," मी म्हटलं.

"का? काय झालं?"

"मी नक्कल केली."

ते हसले. "कुणाची?" मी सांगितलं. अल्बममधली ती ओळ माझी नाही, माझ्या बहिणीची आहे, ती देव मानत नाही, आणि नऊ वेळांची ती गोष्ट खरी नाही, मी ती पुन्हा सांगणार नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, लोकांना त्याने काय फरक पडतो, ज्याला आधार मिळायचा त्याला मिळाला. यात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्या वकिलाला मिळालेला आधार मला परत मागता येणार नव्हता आणि मागायचाही नव्हता. मी म्हटलं, मला फरक पडतो. ते म्हणाले, तुम्ही दमलाय, उद्या बोलू. हे रेकॉर्डिंग ते पुसतील याची मला मुळीच खात्री नव्हती. बाहेर येऊन मी कात्रीला फोन केला. ओळ राहू दे, म्हटलं, आणि गायिकांच्या यादीत ताईचं नाव घाल, आभारात नको, वेगळ्या ओळीत. तो म्हणाला, कारण काय लिहू? मी म्हटलं, कारण कशाला, गायलीय तिने.

चालताना डोळे बरेच निवळले होते. रस्ता जागेवर आला होता, माणसांना चेहरे आले होते. देव आहे का, हे मला त्या सकाळी जेवढं माहीत होतं तेवढंच आताही होतं, किंवा थोडं कमी, कारण सकाळच्या पाच सेकंदांचा पुरावा आता हातात नव्हता. पण खरं सांगायचं तर त्या सहा रस्त्यांत मी देवाचा फारसा विचार केलाच नाही. मी एका वाक्याची जुळवाजुळव करत होते. अकरा गाणी लिहिणाऱ्या बाईला एक वाक्य जमेना. प्रत्येक वेळी त्यात माझा दौरा यायचा, माझा गळा यायचा, माझं दुःख यायचं. मी एकेक काढत गेले. आईच्या इमारतीशी पोचले तेव्हा साडेपाच झाले होते. दार सताड उघडं होतं. बाहेरच्या खोलीत काहीच उरलं नव्हतं, भिंतीवर तसबिरींचे चौकोन तेवढे उजळ दिसत होते. आतल्या खोलीत ताई जमिनीवर बसून कपाटाच्या खालच्या कप्प्यातले कपडे काढत होती. तिने मान वर केली.

"सहाला येणार होतीस ना?"

"ताई, मी फोन करायला हवा होता," मी म्हटलं. "तेव्हा. रोज."

खोलीत पडदे नव्हते आणि तिचा चेहरा मला आता नीट दिसत होता. असू दे म्हणेल, असं मला वाटलं. बरं म्हणेल, असंही वाटलं. तिने हातातला आईचा स्वेटर मांडीवर ठेवला.

"हो," ताई म्हणाली. "करायला हवा होतास."

मग तिने मोठी पिशवी माझ्याकडे सरकवली. मी खाली बसले आणि पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी उघडं धरून राहिले, आणि ती एकेक कपडा बघून आत टाकत गेली.